गवती चहा : गुण, कृती आणि मर्यादा

भोर आणि वेल्हे या तालुक्यांत पाऊस एकदा लागला, की तो चार महिन्यांच्या मुक्कामालाच येतो. रोहिड्याच्या आणि तोरण्याच्या माथ्यावर ढग टेकतात, जळण ओले होते, अंथरुणा-पांघरुणाला दमट वास येऊ लागतो आणि घराघरांत सर्दी-खोकल्याची पाळी सुरू होते. अशा वेळी घरची बाई परसात जाते, मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या गवती चहाच्या बेटातून चार पाती कापून आणते आणि आधण ठेवते. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. पण नाव बदलले तरी परसातले हे बेट होते तिथेच आहे.

इतक्या परिचयाच्या वस्तूवर व्याख्यान कशाला हवे, असे कोणी विचारील. आम्ही वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. कामगारांच्या संघटनेचे काम करण्यात आमची उमर गेली आणि जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून शिकलो. पण कामगाराच्या घरात आजारपणात काय पितात, त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हा आमच्या कामाचाच प्रश्न आहे. ज्याचे पोट रोजावर आहे त्याला आजार परवडत नाही. म्हणून तो परवडेल असा उपाय शोधतो आणि त्या उपायावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकतो. गवती चहाचे तसेच झाले आहे. कोणी म्हणतो, याने ताप जातो, रक्त शुद्ध होते, रक्तदाब उतरतो, झोप लागते आणि जीवनसत्त्वेही मिळतात. दुसरा शिकलेला माणूस म्हणतो, की ते साधे गवत आहे, त्यात काही नाही. या दोघांच्या मध्ये कुठेतरी खरी गोष्ट आहे. ती आपण आज नीट पाहू.

प्रथम या वनस्पतीची ओळख करून घेऊ. गवती चहा हे खरोखरीच गवत आहे. ज्वारी, ऊस, वाळा यांच्याच मोठ्या कुळातले. कोकणात त्याला पातीचा चहा म्हणतात, गुजरातीत लीली चा म्हणतात. नावावरूनच दिसते, की आपल्याकडे आधी चहा आला आणि मग या गवताला त्याचे नाव मिळाले. वस्तुतः चहाच्या झुडपाशी त्याचे काडीचेही नाते नाही. त्याचे सख्खे भाऊबंद निराळेच आहेत. एक म्हणजे रोशा गवत. त्याचे सुगंधी तेल खानदेशात काढले जात असे. दुसरा भाऊ म्हणजे सिट्रोनेला. त्याचे तेल डास पळवण्यासाठी वापरतात. सिट्रोनेलाचे रोप दिसायला गवती चहासारखेच असते, मात्र त्याच्या बुडख्याला तांबूस छटा असते आणि वास उग्र येतो. रोपवाटिकेतून नवे रोप आणताना पात चुरगाळून पाहावी. स्वच्छ लिंबासारखा वास आला तरच ते घरी न्यावे. शंका आली तर त्याचा चहा करू नये.

लिंबासारखा वास येण्याचे कारण असे, की लिंबाच्या सालीत जे सिट्राल नावाचे द्रव्य थोडे असते, तेच या पातीच्या तेलात भरपूर असते. शंभर किलो ताजी पाती भट्टीत घालून वाफेवर ऊर्ध्वपातन केले, तर साधारण पाव ते अर्धा किलो तेल निघते. त्या तेलात सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास एकटे सिट्रालच असते. या तेलाचा व्यापार आपल्या देशात केरळात वाढला आणि तिथे ओडक्कली येथे १९५१ साली या गवतासाठी खास संशोधन केंद्र निघाले. सिट्रालपासून आयोनोन नावाचा जांभळ्या व्हायोलेट फुलाच्या वासाचा पदार्थ करण्याची युक्ती जर्मनीत १८९३ साली सापडली आणि पुढे त्याच आयोनोनपासून कारखान्यात 'अ' जीवनसत्त्व तयार होऊ लागले. गवती चहातून 'अ' जीवनसत्त्व मिळते, ही समजूत बहुधा येथूनच पसरली असावी. ते जीवनसत्त्व कारखान्याच्या टाकीत अनेक प्रक्रियांनंतर तयार होते. आपल्या कपातल्या पाण्यात ते उतरत नाही. त्यासाठी शेवग्याचा पाला, माठ, गाजर, भोपळा खावा लागतो.

आता कृतीकडे वळू. कृती साधी आहे, पण तिच्यात एक मर्म आहे. सिट्राल पाण्यात फार विरघळत नाही आणि वाफेबरोबर उडून जाते. भट्टीत तेल काढतात ते याच गुणामुळे. आपण पातेले उघडे ठेवून अर्धा तास रटारटा उकळत बसलो, तर आपणही घरात एक छोटी भट्टीच लावतो. फक्त तेल हाती न लागता आढ्याला जाते. घरभर वास सुटला म्हणजे चहा फक्कड झाला, असे अनेकांना वाटते. जेवढा वास घरात गेला तेवढा कपातून गेला, हे ध्यानात ठेवावे.

दोन कपांसाठी अडीच कप पाणी घ्यावे. दोन-तीन ताजी पाती बुडाकडून वर अशी पाण्याखाली नीट चोळून धुवावीत. पातीची कड धारदार असते. ती बोटाला कापते, म्हणून टोकाकडून बुडाकडे हात ओढू नये. वाळलेली, डाग पडलेली, बुरशी धरलेली पात काढून टाकावी. पातीचे बोटभर लांबीचे तुकडे करून हाताने चुरगाळावेत, म्हणजे त्यातले तेलाचे कोश फुटतात. नखाएवढे आले ठेचून घ्यावे. पाण्याला उकळी फुटली, की आले आणि पाती टाकावीत, आच मंद करावी आणि झाकण ठेवावे. पाच मिनिटांनी पातेले खाली उतरवून आणखी पाच मिनिटे झाकलेलेच राहू द्यावे. मग गाळून गरम गरम प्यावे. तुळशीची चार पाने किंवा लिंबाची फोड ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे घालावी. मात्र लिंबू पिळायचे ते उतरवल्यानंतर, आणि दूध घालायचे असेल तर लिंबू अजिबात नको.

दुधाचा चहा करायचा असेल, तर आधी पाती पाण्यात उकळून त्यांचा अर्क उतरू द्यावा, मग चहाची पूड आणि शेवटी दूध घालावे. गूळ घालणाऱ्यांनी तो पातेले चुलीवरून उतरवल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटते. पाती साठवायची असतील तर ती सावलीत वाळवून कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवावीत. उन्हात वाळवलेल्या पातीचा वास लवकर जातो. आजकाल हीच वाळलेली पात रंगीत खोक्यात घालून मोठ्या किमतीला विकतात. ज्याच्या परसात बेट आहे त्याने त्या खोक्याच्या मोहात पडण्याचे कारण नाही.

आता गुणांचा विचार करू. ब्राझीलमध्येही हे गवत आपल्यासारखेच घरोघरी आहे आणि तेथील लोक मन शांत व्हावे, झोप लागावी म्हणून त्याचा चहा पितात. तेथील संशोधकांनी १९८६ साली याची रीतसर परीक्षा केली. पन्नास माणसांना कधी हा चहा आणि कधी त्यासारखे दिसणारे दुसरे पेय दिले, आणि कोणाला काय दिले हे पिणाऱ्यालाही कळू दिले नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. झोपेवर आणि मनाच्या बेचैनीवर या चहाचा वेगळा परिणाम त्यांना आढळला नाही. तेथेच १९९१ साली दुसरा प्रयोग झाला. त्यात या चहातल्या मिर्सीन नावाच्या द्रव्याने उंदरांची वेदना कमी होते, असे दिसले. नायजेरियात १९८४ साली असे दाखवण्यात आले, की या गवताच्या तेलातील सिट्रालचे दोन्ही घटक काचेच्या बशीतील जंतूंना मारतात. यावरून 'गवती चहाने जंतू मरतात' असे म्हणण्याची घाई लोक करतात. पण तेल वेगळे आणि चहा वेगळा. काचेची बशी वेगळी आणि माणसाचे शरीर वेगळे. कपात तेलाचा अंशच उतरतो, आणि तो पोटातून फुफ्फुसापर्यंत जाऊन जंतूंशी लढतो याला पुरावा नाही. म्हणून कोणी बाटलीतले तेल थेंब-थेंब पिऊ लागेल, तर ते मात्र धोक्याचे आहे. ते तेल पिण्यासाठी नसते.

मग या चहाचा गुण कोणता? तो साधा आहे, पण खरा आहे. सर्दी झालेल्या माणसाला गरम पाण्याने घशाला आराम पडतो आणि कफ सैल होतो. तापात शरीरातले पाणी कमी होते आणि नुसते पाणी नको वाटते. सुवासामुळे तेच पाणी दोन कप जास्त जाते. गरम पेयाने घाम येतो आणि घाम वाळताना अंग थोडा वेळ गार वाटते. शिवाय या चहात कॅफिन नसते. रात्रपाळीहून सकाळी घरी येणाऱ्या कामगाराला हे विशेष उपयोगाचे आहे. पाळी संपताना तो दुधाचा कडक चहा पितो, आणि त्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. मग दिवसा झोप कशी येणार? नीरेपलीकडे शिरवळला किंवा इकडे खेड-शिवापूरला पाळीवर जाणारी आपली मुले दिवसा झोप लागत नाही म्हणून तक्रार करतात. त्यांनी परतल्यावर कोरा गवती चहा घ्यावा. तो झोप आणणार नाही, पण आलेली झोप मोडणारही नाही.

दुसरा फायदा साखरेचा. दिवसात पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, सुमारे चाळीस ते पन्नास ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की अशी वरून घातलेली साखर रोजच्या आहारातील ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅम असेल तर अधिक चांगले. म्हणजे नुसत्या चहातच आपली मर्यादा संपते. गवती चहाला कडवटपणा नसल्यामुळे तो बिनसाखरेचाही गोड लागतो. गूळ म्हणजे साखर नव्हे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्ताला दोन्ही सारखीच.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नायजेरियात निरोगी माणसांना रोज एकदा असे महिनाभर हा चहा देऊन केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मूत्रपिंडाचे गाळण्याचे काम थोडे मंदावल्याचे दिसले. म्हणून चांगले आहे तर तांब्याभर प्यावे, असे करू नये. कधीमधी एखाद-दुसरा कप पुरे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाट काढा घेऊ नये. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवावी. चहा गोळीच्या जागी येत नाही. लहान मुलाला जुलाब लागले तर गवती चहा देत बसू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी घोट-घोट पाजावे आणि दवाखाना गाठावा. जुलाबात शरीरातून पाण्याबरोबर मीठ जाते, आणि ते भरून काढणे गवताच्या आवाक्यातले नाही.

तापाविषयी तर फारच स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या खोऱ्यांत भाताची लावणी गुडघाभर चिखलात होते. त्या पाण्यात उंदराच्या मुतातून आलेले लेप्टोचे जंतू असू शकतात आणि पायाच्या बारीक जखमेतून ते अंगात शिरतात. याच दिवसांत हिवताप आणि डेंग्यूही येतो. या सगळ्यांचा पहिला दिवस सारखाच असतो : अंग मोडून येते, थंडी वाजते, डोके ठणकते. काढा प्यायला, घाम आला, तासभर बरे वाटले, की माणूस म्हणतो उतरला. तो उतरलेला नसतो, दबा धरून बसलेला असतो. लेप्टोवर वेळेत प्रतिजैविक औषध मिळाले तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही धोक्यात येतात. म्हणून ताप दोन दिवसांत गेला नाही, किंवा डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, धाप लागली, हिरड्यांतून रक्त आले, माणूस बरळू लागला, तर एक क्षणही न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जावे. चिखलात काम केले होते हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. चहा वाटेत प्यायला हरकत नाही. तो वाट अडवणारा होऊ नये, एवढेच.

येथे आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. काढ्याने माणूस बरा झाला, असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात काय घडलेले असते? आजीने काढा दिला, घोंगडी पांघरवली आणि 'आज शेतावर जायचे नाही' असे बजावले. साधी सर्दी विसाव्याने आठवडाभरात आपोआप बरी होते. पूर्वी काढ्याबरोबर विसावा मिळत असे, आणि श्रेय काढ्याला जाई. आज कंत्राटी कामगाराच्या घरी काढा उरला आणि विसावा गेला. तो अंगात ताप असताना सकाळी गवती चहा पितो, वर एक तापाची गोळी घेतो आणि कपूरहोळच्या किंवा नसरापूरच्या फाट्यावर गाडीची वाट पाहत उभा राहतो, कारण खाडा झाला तर रोज बुडतो. आम्ही एका कारखान्याच्या दारात असा कामगार पाहिला आहे, की ज्याने तीन दिवस थर्मासमधून काढा पीत यंत्रावर उभे राहून काम केले आणि चौथ्या दिवशी त्याला दोघांनी धरून रुग्णालयात न्यावे लागले. गवताने त्याला दगा दिला नव्हता. जे काम विसाव्याचे होते ते त्याने गवताकडून करून घेण्याचा प्रयत्न केला होता.

चहा आणि विसावा यांचा संबंध जुना आहे. चहाच्या प्रचारासाठी सरकारने १९०३ साली चहावर उपकर बसवला. त्यानंतर पहिल्या महायुद्धाच्या काळात मळेवाल्यांच्या संघटनेने गिरण्या, खाणी आणि कारखाने यांत चहाच्या टपऱ्या उघडल्या. कामगाराला चहाची गोडी लागावी हा त्यांचा हेतू होता. पण त्या निमित्ताने यंत्रापासून बाजूला होण्याची चार मिनिटे कामगाराला मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने त्याला नियमाचे रूप दिले : सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, त्याआधी निदान अर्धा तास सुट्टी द्यायची, अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर उपाहारगृह काढायचे. ही सुट्टी कोणी चहाबरोबर फुकट दिलेली नाही. तिच्यासाठी लोक झगडले.

आजारपणातल्या विसाव्याचीही तजवीज आहे. कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथून ती योजना सुरू झाली. त्या योजनेत विमा असलेल्या कामगाराला, ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कंत्राटी कामगारही त्यात येतो. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मुख्य मालकाला ती भरावी लागते. पण ही रक्कम मिळण्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. घरी काढा पिऊन अंगावर काढलेल्या आजाराचा दाखला कोणी देत नाही! म्हणून ज्याच्या पगारातून विम्याची कपात होते त्याने आपले विमा कार्ड नीट सांभाळावे, आपला क्रमांक पाठ करावा आणि ताप येताच दवाखाना गाठावा. ज्याची कपात होत नाही त्याने ती का होत नाही, हे विचारावे. एकट्याने विचारवत नसेल तर चौघांनी मिळून विचारावे. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया यांना अशा हक्काचा विसावा अजून मिळालेला नाही. तो मिळवणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.

शेवटी, ज्यांच्याकडे हे बेट नाही त्यांच्यासाठी लागवडीचे दोन शब्द. गवती चहाला फुलोरा क्वचितच येतो, म्हणून त्याचे बी शोधत बसू नये. शेजाऱ्याच्या बेटातून मुळासकट दोन-तीन फुटवे मागून घ्यावेत, त्यांचा शेंडा वीतभर ठेवून वरचा भाग छाटावा आणि मृगाच्या पावसात पाणी साचणार नाही अशा जागी हातभर अंतराने लावावेत. चाळीत राहणाऱ्याने मोठ्या डब्यात किंवा कुंडीत लावले तरी चालते. ऊन मात्र हवे. कापताना जमिनीपासून चार बोटे वर कापावे, म्हणजे पुन्हा फुटते. चार-पाच वर्षांनी बेट जुने होऊन पातळ पडते; तेव्हा ते उपटून त्याचे फुटवे नव्या जागी लावावेत आणि उरलेले वाटून टाकावेत. बेट दाट झाले, की आत काय दडले आहे ते दिसत नाही. पहाटेच्या अंधारात त्यात हात घालू नये.

दर वर्षी बेटातले चार फुटवे शेजारी द्यावेत, आणि देताना एवढे सांगावे : झाकण ठेवून उकळा, साखर कमी घाला, दोन दिवसांत ताप गेला नाही तर दवाखान्यात जा, आणि आजारी माणसाला कामावर पाठवू नका.